गुलाल उतरल्यावर

निकालाच्या रात्री कुणालाही फोन करायचा नाही. आमच्या घरातल्या पोरांना मी हे पहिलं सांगते. जाब विचारायचा फोन नको, सांत्वनाचा नको, आणि 'काय रे, असं कसं झालं?' हा साळसूद फोन तर अजिबात नको. त्या रात्री हरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं ते त्याचं एकट्याचं नसतं. आदल्या दोन रात्रींचं जागरण, दिवसभराचं उपाशी पोट, मतमोजणीच्या आवाराबाहेर उभं राहून दुखलेले पाय आणि पलीकडच्या आळीतला डीजे, हे सगळं मिळून बोलत असतं. ऐकणाऱ्याच्या लक्षात मात्र तो माणूस राहतो. डीजे विसरला जातो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. शिक्षकाला निवडणूक चुकत नाही. मतदार यादी घेऊन दारोदार फिरण्यापासून केंद्राध्यक्षाच्या खुर्चीत बसण्यापर्यंत सगळं करून झालंय. त्यात सासर असं मिळालं की सासरे शेतकरी कामगार पक्षाचे, थोरले दीर काँग्रेसचे, आणि पुढच्या पिढीचं तर विचारूच नका. घड्याळ, तुतारी, कमळ, धनुष्यबाण, मशाल, सगळे एका पंगतीला बसतात. त्यामुळे प्रत्येक निकालाला या घरात कुणीतरी हरलेलं असतंच. त्या हरलेल्याशी कसं वागायचं आणि आपण हरलो तर कसं वागायचं, हे माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं, मी त्यात माझी भर घातली, आणि आता सुनांना, नातवंडांना सांगते.

निकालाच्या दिवशी हरलेल्या घराने दार लावून घेऊ नये. दार लावलं की गल्लीतली पोरं मुद्दाम तिथेच थांबून फटाके लावतात. दिवा चालू ठेवायचा, रोजच्या वेळेला चूल पेटवायची, ताटं वाढायची. जेवण जात नसलं तरी पानावर बसायचं. घरातल्या तरण्या पोरांना मात्र त्या संध्याकाळी पाराकडे सोडायचं नाही, काहीही काम काढून मळ्यात पाठवायचं. गावातली भांडणं मतदानाच्या दिवशी कमी आणि मिरवणुकीच्या रात्री जास्त होतात. एकाच्या अंगावर नको असताना गुलाल पडतो आणि तिथून पुढे पोलीस ठाण्यापर्यंत जातं. जिंकलेल्याच्या घरात जो कुणी शहाणा असेल त्याने एवढंच करावं: हरलेल्या भावाच्या दारासमोर ढोल थांबवावा आणि मिरवणूक मुकाट पुढे काढावी. त्याने विजय उणा होत नाही. आमच्याकडे एकदा धाकट्या पुतण्याने असं केलं होतं. त्याच्या चुलत्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण पुढच्या हंगामात पुतण्याच्या उसाला पाण्याची पाळी न मागता मिळाली.

दुसऱ्या दिवशी पहिला शब्द निवडणुकीचा नको. 'पाणी आलं का?' चालेल. 'आईच्या गुडघ्याचं काय?' चालेल.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण मी पाहिलेल्या भाऊबंदकीतली निम्मी भांडणं इथून सुरू झालीत. मतांचा हिशोब घरात मांडायचा नाही. निकाल लागला की हरलेला माणूस वही घेऊन बसतो. आपल्या वॉर्डात इतकी मतं, त्यात भावकीची इतकी, मामाच्या घरची पाच, शेजारच्या आळीने शब्द दिला होता, मग पडली एवढीच कशी? वजाबाकी करतो आणि उत्तरात त्याला माणसं दिसायला लागतात. 'चार मतं घरातूनच फुटली.' एकदा का हे वाक्य उच्चारलं की ती चार माणसं कोण, याचा शोध सुरू होतो आणि चाळीस माणसांकडे संशयाने बघितलं जातं.

या वजाबाकीला अर्थ नसतो, हे मी केंद्रावर बसलेली बाई म्हणून सांगते. यंत्रात कुणाचं मत कुणाला गेलं याची नोंद होत नाही. मतदार नोंदवहीत सही घेतो ती फक्त तो येऊन गेला एवढ्यासाठी. लोकसभा-विधानसभेला शेजारच्या व्हीव्हीपॅटवर चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीही त्याची त्यालाच, मग ती डब्यात पडते. ग्रामपंचायतीचं तर आणखी गुंतागुंतीचं. एका प्रभागातून दोन-तीन सदस्य निवडायचे असतात, शिवाय सरपंच थेट निवडायचा. थेट सरपंच 2017 ला आला, 2020 ला गेला, 2022 ला परत आला. म्हणजे एकेक मतदार तीन-चार बटणं दाबून बाहेर येतो. सरपंचाला एका पॅनेलचा, सदस्याला दुसऱ्या पॅनेलचा, तिसरं बटण मैत्रिणीच्या सुनेला, असं सर्रास होतं. अशा मताची वजाबाकी करून माणूस सापडतो का?

बूथवार आकडे जाहीर होतात, ही खरी अडचण आहे. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते निकालानंतर कागदावर येतं, आणि एक केंद्र म्हणजे बहुतेक वेळा एक वाडी, एक आळी, कधी एकच भावकी. चौदा केंद्रांची यंत्रं एकत्र जोडून एकच बेरीज दाखवणारं उपकरण वापरावं, असं निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचवलं होतं. ते झालं असतं तर गावोगावची बरीच भांडणं वाचली असती, असं माझं स्पष्ट मत आहे. झालं नाही. तेव्हा सरकारने जे केलं नाही ते आपण घरात करायचं: तो कागद आणायचा नाही, कुणी आणला तर वाचायचा नाही.

आणि शपथा घालायच्या नाहीत. बेल-भंडारा उचल, लेकराच्या डोक्यावर हात ठेव, देवळात चल आणि सांग, हे प्रकार मी पाहिलेत. आधीही घेतात, 'मत आपल्यालाच' म्हणून, आणि हरल्यावरही घेतात, 'दिलं होतंस ना' म्हणून. ज्याने दिलं त्याला अपमान वाटतो, ज्याने नाही दिलं त्याला खोटं बोलावं लागतं. म्हणजे शपथेने एकाला दुखावलं आणि एकाला खोटारडा केलं, हातात काही आलं नाही. कोणाला मत दिलं हे सांगायची सक्ती कुणावरही करता येत नाही, असं 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहिलंय. जिथे कोर्ट विचारू शकत नाही तिथे चुलत सासरे कोण विचारणार?

घरातल्या बायकांच्या मताबद्दल वेगळं सांगते. सून दुसऱ्या तालुक्यातून आलेली असते. तिचा भाऊ कदाचित दुसऱ्या पक्षाचं काम करतो, तिच्या वडिलांच्या घरी कुणा पुढाऱ्याने कधी दवाखान्याला मदत केलेली असते. ती तुमच्या घरात आली म्हणजे तिचं मतही आलं असं होत नाही. हरल्यावर पहिला संशय सुनेवर जातो आणि दुसरा जावयावर. 2024 च्या विधानसभेनंतर तर मी माझ्या कानांनी ऐकलं, चांगल्या शिकलेल्या घरात, पंगतीत, की 'दीड हजाराला विकल्या गेलात तुम्ही.' 'लाडकी बहीण' योजनेचे पैसे तेव्हा महिन्याला दीड हजार. समोर बसलेली बाई दिवसाला दोनशे-अडीचशेने खुरपायला जाणारी असेल तर तिला त्या पैशाचं मोल बोलणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. शिवाय तिने मत त्या पैशासाठीच दिलं हे कळलं कसं? योजना वाईट म्हणा, निवडणुकीच्या तोंडावर आणली म्हणा, राज्याच्या तिजोरीचं काय होणार ते विचारा. हे सगळं योग्य बोलणं आहे. पण 'विकली' हा शब्द घरातल्या बाईसाठी वापरलात तर तो ती मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मी तिच्या बाजूने असेन.

तसेच व्यासपीठावरचे बाकीचे शब्दही उंबऱ्याच्या बाहेर काढून ठेवायचे. गद्दार, खोकेवाले, अंधभक्त, चमचे, गुलाम. पुढारी हे शब्द वापरतात कारण त्यांना टाळ्या हव्या असतात. आपल्याला पंगतीत टाळ्या नको असतात, आपल्याला भाकरी वाढायला माणूस हवा असतो. आणि पुढाऱ्यांचं काय सांगावं? 2019 ला जे एकत्र लढले ते निकालानंतर वेगळे झाले. पहाटेचा एक शपथविधी झाला, तो काही दिवसांत मोडला, मग ज्यांनी एकमेकांवर आयुष्यभर टीका केली ते एकत्र सरकारात बसले. 2022 ला एक पक्ष फुटला, 2023 ला दुसरा. 2019 च्या निकालावरून ज्या भावांनी बोलणं टाकलं, त्यांचे नेते पुढच्या चार वर्षांत एका मंत्रिमंडळात जेवत होते. भावांचं बोलणं अजून बंदच. आपल्या नात्याचं कॅलेंडर आघाड्यांच्या कॅलेंडरवर चालवू नका, एवढंच मी यातून शिकले.

मोठ्या घरांत हे कसं होतं ते बघण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं आपल्याच घरात हा ताप. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचं उदाहरण मी नेहमी देते. शिवाजीराव पाटील निलंगेकर राज्याचे माजी मुख्यमंत्री, काँग्रेसचे. 2004 ला त्यांना त्यांच्याच नातवाने हरवलं, भाजपच्या तिकिटावर. 2009 ला आजोबा पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी नातवाला हरवलं. पुढे 2014 आणि 2019 ला तोच नातू आपल्या काकांविरुद्ध लढून जिंकला. चार निवडणुका, तीन पिढ्यांचं एकच आडनाव, आणि प्रत्येक वेळी त्या घरातलंच कुणीतरी पडलेलं. त्यांच्या घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही आणि ते विचारायचा अधिकारही नाही. पण हरलेला आजोबा पाच वर्षांनी परत मैदानात उतरतो, म्हणजे हार ही शेवटची गोष्ट नसते, एवढं तरी नातवंडांना सांगता येतं.

त्याआधीची गोष्ट 1960 ची. केशवराव जेध्यांच्या निधनाने बारामतीची लोकसभेची जागा रिकामी झाली. पोटनिवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाकडून वसंतराव पवार उभे होते आणि त्यांचे धाकटे भाऊ शरद काँग्रेसचं काम करत होते. आईही शेकापची, घर सगळं शेकापचं. धाकट्याने थोरल्याच्या विरोधात प्रचार केला. थोरल्याने त्याची कोंडी ओळखून त्याला मोकळं केलं, असं शरद पवारांनी स्वतः लिहून ठेवलंय. वसंतराव पडले. त्याच घरात 2024 ला नणंद-भावजय समोरासमोर आल्या, काही महिन्यांनी काका-पुतण्या आले, आणि त्या वर्षीच्या दिवाळीत पाडवा दोन ठिकाणी झाला, गोविंदबागेत एक आणि काटेवाडीत एक. 1960 च्या भावांचं जे जमलं ते 2024 ला का जमलं नाही, याची कारणं राजकारणात आहेत आणि ती इथे सांगत बसत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की थोरल्याने आधीच मोकळं केलं तर धाकट्याला तोंड लपवावं लागत नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्याने निवडणुकीआधीच सांगून टाकावं: ज्याला ज्याचं काम करायचं त्याने करावं, संध्याकाळी जेवायला घरी यावं. हे निकालानंतर सांगितलं तर उपकार वाटतात.

2024 ला मुंबईतही असंच एक घर होतं. वायव्य मुंबईचे गजानन कीर्तिकर एका शिवसेनेत, त्यांचे चिरंजीव अमोल दुसऱ्या शिवसेनेचे उमेदवार. अमोल 48 मतांनी पडले. अठ्ठेचाळीस! एका चाळीतल्या एका मजल्यावरची मतं. अशा निकालात मतांचा हिशोब करायला बसलं तर माणूस वेडा होईल.

आता मोबाईलचं. कुटुंबाच्या ग्रुपवर निवडणुकीचं काही टाकायचं नाही, हा नियम आमच्या घरी आहे आणि तो दर निवडणुकीला मोडतो. मोडणारा बहुतेक वेळा सगळ्यात लांब राहणारा असतो. अमेरिकेतला पुतण्या रात्री दोन वाजता लेख पाठवतो. त्याचं इथल्या यादीत नाव असलं तरी मत द्यायला त्याला इथल्या केंद्रावर यावं लागतं, आणि तो लग्नाला येत नाही तर मतदानाला कुठून येणार? त्याच्यावर चिडू नका, तो एकटा आहे आणि त्याला गावाची आठवण येते, ती अशी बाहेर पडते. त्याला ग्रुपवर उत्तर देऊ नका. वेगळा फोन करा आणि मुलाच्या शाळेचं विचारा.

ग्रुप सोडायचा नाही. सोडला की 'अमुक यांनी ग्रुप सोडला' ही ओळ सगळ्यांना दिसते, मग काकू रडत फोन करतात, मग समजूत, मग परत घेणं, मग आठवडाभर कुणी काही लिहीत नाही. आवाज बंद करून ठेवा. आणि स्टेटसवर टोमणे ठेवू नका. 'वेळ प्रत्येकाची येते', 'पाठीत खंजीर', सिंहाचं चित्र, मागे संगीत. नाव कुणाचंच नसतं, म्हणून घरातला प्रत्येक जण ते आपल्यालाच लावून घेतो. समोर भांडलात तर निदान एकाशीच भांडता.

खरी परीक्षा मात्र कार्यात होते. मयताला बोलावणं लागत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या घरी मयत झालं तर सगळ्यात आधी पोचायचं, सरणाला लाकडं उचलायची, सावडायला जायचं. तिथे एक अक्षर बोलावं लागत नाही. तिरडीला खांदा दिला की पन्नास खुलासे वाचतात. दहाव्याला, तेराव्याला भांडी घासायला बायका जातात ना, त्यात विरुद्ध पॅनेलच्या घरची बाई दिसली की गावाला जे कळायचं ते कळतं.

लग्नाचं त्याहून अवघड, कारण तिथे मान असतो आणि माईक असतो. पत्रिकेतूनच सुरुवात होते. आजकाल पत्रिकेवर गणपतीच्या खाली पुढाऱ्यांची नावं येतात, 'विशेष उपस्थिती' म्हणून दहा-बारा, कधी फोटोसकट. निवडणुकीनंतरच्या पहिल्या वर्षी तरी हे करू नका. ज्या भावाच्या माणसाला तुमच्या पत्रिकेवरच्या माणसाने पाडलं, तो भाऊ ती पत्रिका हातात घेईल तेव्हा त्याला काय वाटेल? प्रेषक म्हणून त्याचं नाव मात्र ज्येष्ठतेच्या क्रमाने, जिथे असायचं तिथेच छापा. ते गाळलंत तर समजा तुम्हीच त्याला भावकीतून गाळलंत. पत्रिका पोस्टाने किंवा मोबाईलवर नको. हळद-कुंकू लावून, अक्षता घेऊन स्वतः जा. घरात कुणी नसेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

आणि मांडवात माईक पुढाऱ्यांच्या हातात देऊ नका. आशीर्वाद द्यायला आलेला आमदार दोन मिनिटं म्हणून उभा राहतो, वधूवरांचं नाव चुकीचं घेतो आणि तालुक्याला किती कोटींचा निधी आणला ते सांगतो. मुहूर्त टळतो, अक्षता हातात चिकटतात, आणि मागच्या रांगेत बसलेले हरलेले मामा उठून गाडीकडे निघतात. आमच्याकडे भटजींनाच सांगून ठेवलेलं असतं, घटिका भरली की मंगलाष्टक सुरू करा, समोर कोणी बोलत असेल तरी. मामांच्या आहेराचा, पोशाखाचा मान ज्या क्रमाने द्यायचा त्याच क्रमाने द्या. निवडणुकीत कोण कुठे होतं यावरून टॉवेल-टोपीचा क्रम बदलणारी माणसं मी पाहिलीत. त्यांच्या मुलांच्या लग्नाला नंतर माणसं कमी आली.

कधीतरी बोलावंही लागतं. मी गप्प बसायला सांगत नाही. ज्याचं आपल्याशी पटत नाही त्याच्याशी राजकारण बोलूच नये, हे मला मान्य नाही. त्याने माणूस पाहुण्यासारखा होतो. पण महिना-दीड महिना जाऊ द्या, आणि मग पक्षावर न बोलता प्रश्नावर बोला. नाशिककडचा माझा एक मावसभाऊ आयुष्यभर एकाच पक्षाला मत देणारा. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती उठली मे 2024 मध्ये, तोवर त्याचा कांदा चाळीत होता. त्याने त्या वेळी बटण बदललं. घरातले म्हणाले, फितूर झाला. कुणी त्याला विचारलं नाही की क्विंटलला काय भाव मिळाला. विचारलं असतं तर त्याने आकडे सांगितले असते, आणि त्या आकड्यांवर कुणाचं भांडण होत नाही. समोरचा माणूस असं मत का देतो हे त्याच्या पिकात, नोकरीत, पोराच्या प्रवेशात शोधा. बऱ्याचदा सापडतं. कधी नाहीच सापडत, तो नुसता हट्टी असतो. असू दे. हट्टी माणसं सगळ्याच पक्षांत आहेत.

जातीवरून फाटलं की मात्र हे सगळं तोकडं पडतं, हे कबूल करायला हवं. 2024 च्या लोकसभेनंतर मराठवाड्यात, विशेषतः बीडकडे, पक्ष बाजूला राहिले आणि कोण कोणत्या समाजाचा यावर चहाच्या टपऱ्या वेगळ्या झाल्या. एकमेकांच्या दुकानात जाऊ नका, असे निरोप फिरले. तिथे भाऊ-भाऊ दुरावले नाहीत, तिथे आयुष्यभराचे शेजारी, एका बाकावर बसलेले वर्गमित्र दुरावले. ही माणसं नातेवाईक नसतात, म्हणून त्यांना परत आणायला लग्न-मयताचं निमित्तही कमी मिळतं. अशा वेळी माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो छोटा आहे: ज्या दुकानातून किराणा आणत होता तिथूनच आणत राहा. कुणी हटकलं तर 'तिथली डाळ चांगली' म्हणा. भाषण करू नका, पिशवी घेऊन जा.

आदर ठेवायचा म्हणजे सगळं गिळायचं, असं समजू नका. हरल्याच्या रागात कुणी बायकोवर हात टाकला, सुनेला माहेरी हाकललं, मजुराला कामावरून काढलं, कुणाच्या जातीवरून घाण बोललं, तर तिथे नातं सांभाळायचं नाही. तिथे पोलीस ठाणं आहे आणि मी स्वतः सोबत येते म्हणते. मतमोजणीत गडबड झाली असं खरंच वाटत असेल, पुरावा असेल, तर ग्रामपंचायतीच्या निकालाविरुद्ध 15 दिवसांच्या आत दिवाणी न्यायालयात अर्ज करता येतो, आणि आमदार-खासदारकीसाठी 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात. तो अर्ज करा, वकील गाठा. जेवताना रोज तोच दावा भावासमोर चालवू नका, तो निवडणूक अधिकारी नाही.

जिंकलेल्यांनाही एक सांगते, कारण पुढच्या वेळी ते हरणार आहेत. ग्रामपंचायतीत बसलात की घरकुलाची यादी, नळजोडणी, रस्त्याचा मुरूम या सगळ्यात विरुद्ध पॅनेलच्या चुलत्याचं नाव मुद्दाम मागे टाकण्याचा मोह होतो. ते करू नका. त्याच्या हक्काचं आहे ते त्याला वेळेवर द्या, आणि देताना 'बघ, दिलं' म्हणू नका. त्याच्या दारातला मुरूम पडला की तो बोलणार नाही, पण त्याची बायको तुमच्या बायकोला चक्कीवर बोलेल. तिथून सुरू होतं.

आणि ज्यांनी बोलणं टाकलंय त्यांनी मोठ्या समेटाची वाट बघू नये. कुणी मध्यस्थ येऊन दोघांना समोरासमोर बसवतो, चूक कुणाची ते काढतो, गळाभेट घालतो, हे फार क्वचित टिकतं. त्यापेक्षा काहीतरी मागायला जा. कोळपं मागा, मोटारीचा पाना मागा, पुरणाचं यंत्र मागा. मागितल्याने समोरच्याचा मान वाढतो, दिल्याने त्याच्यावर ओझं पडतं. हे मला सासूबाईंनी सांगितलं आणि ते कधी चुकलं नाही. वस्तू परत द्यायला जाल तेव्हा दुसरं बोलणं आपोआप होतं.

तेव्हा तुमच्या घरात अशी एक जागा रिकामी असेल, तर येत्या रविवारी सकाळी तिकडे जा. चहा पिऊन या. निवडणुकीचं नाव त्यांनी काढलं तरी तुम्ही काढू नका.